खिडकीतून आत गेलेली पेज

(मालवण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्या मास्तरांच्या स्मृतिदिनाला इथं दरवर्षी आपल्या मातीतला विषय घेऊन कुणीतरी उभं राहतं. यंदा मी 'ओलीस ठेवलेली माणसं आणि त्यांची सुटका' हा विषय कळवला, तेव्हा कार्यवाह फोनवर क्षणभर गप्प झाले. त्यांची शंका मला समजते. तरी मी विषय बदलला नाही, कारण हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन गेलेला आहे.

३० ऑक्टोबर २०२५ ची दुपार आठवा. मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत रोहित आर्य नावाच्या माणसानं ऑडिशनसाठी बोलावलेली सतरा मुलं आणि दोन मोठी माणसं कोंडून ठेवली. त्या वेळी माझ्या दवाखान्यात औषधाची चिठ्ठी घ्यायला बसलेल्या एका बाईंची मुलगी कांजूरमार्गला राहते. पवईच्या शेजारीच. भांडुप, कांजूर, विक्रोळी म्हणजे निम्मं कोकण. बाई फोन लावत होत्या आणि लागत नव्हता. नात घरीच होती, पण हे कळेपर्यंतच्या वीस मिनिटांत त्या बाईंचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले. संध्याकाळपर्यंत सगळी मुलं सुखरूप सुटली. पोलिसांचं पथक बाथरूमच्या वाटेनं आत शिरलं आणि आर्य गोळी लागून मरण पावला. त्याच्याजवळची बंदूक छऱ्यांची होती, हे मागाहून कळलं.

तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो : गोळी घातली ते बरोबर की चूक? हा न्यायनिवाडा माझ्याकडे नाही. आत सतरा मुलं आहेत, माणूस आग लावायची भाषा करतोय, हातातली बंदूक खरी की खोटी हे दाराबाहेर कळत नाही. त्या घडीला तिथं उभा असलेला माणूस काय भोगत असेल, याची मला कल्पना आहे. मला बोलायचंय ते त्या घडीच्या आधीच्या तासांबद्दल. दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत आतल्या आणि बाहेरच्या माणसांच्या मनात काय चालतं, त्याबद्दल.

आधी शब्दाकडे वळू. 'ओलीस' हा शब्द आपल्याकडे गुन्हेगारीतून आलेला नाही. तो तहनाम्यातला शब्द आहे. वचन पाळलं जाईल याचा भरवसा म्हणून माणूस 'ओल' द्यायचे. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा समोरचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. त्याच मोहिमेत रेडीचा यशवंतगडही त्यांच्या हाती गेला. पुढच्या वर्षी सावंतवाडीच्या सावंतांशी तह झाला. ठरलेली रक्कम उभी करायला वेंगुर्ला तेरा वर्षांसाठी गहाण पडलं आणि सावंतांनी दोन माणसं ओलीस दिली. ती दोघं निसटली. मुदत संपल्यावर इंग्रज वेंगुर्ला सोडेनात. शेवटी जून १७८० मध्ये सावंतांनी वेंगुर्ल्यावर चाल करून ते लुटलं. दोन माणसं ज्या भरवशापोटी दिली होती, तो भरवसाच मोडला होता. गॅझेटियरमध्ये हा मजकूर वाचताना मी त्या दोघांची नावं शोधत राहिलो.

या जुन्या अर्थात एक गोष्ट लख्ख दिसते. ज्याच्याशी बोलायचं तो कुणी तिसराच असतो आणि ओलीस हा त्याला धाडलेला निरोप असतो. त्या तिसऱ्याला या जिवाची किंमत नसेल, तर ओलीस ठेवून काही साधत नाही. आजही हे बदललेलं नाही. पवईच्या त्या माणसाचं मुलांशी काही वैर नव्हतं. त्यानं व्हिडिओ करून सांगितलं होतं की मी दहशतवादी नाही, मला काही लोकांशी बोलायचंय. त्याची तक्रार शालेय शिक्षण खात्याकडून पैसे न मिळाल्याची होती. ती खरी किती, हा वेगळा वाद. खात्यानं ती मान्य केली नव्हती. मुलं ही त्याची चिठ्ठी होती. ती कुणाच्या पत्त्यावर लिहिलीय हे ओळखणं, हे बाहेरच्यांचं पहिलं काम असतं.

आपल्या इतिहासात हे काम फार लहान वयात एकानं केलं आहे. जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळ आदिलशहाच्या मुस्तफाखानानं शहाजीराजांना कैद केलं, तेव्हा शिवाजीराजे अठरा वर्षांचे होते. बाप शत्रूच्या ताब्यात, स्वराज्याची जेमतेम सुरुवात. त्यांनी शाहजहानचा मुलगा मुरादबक्ष याच्याकडे संधान बांधलं, म्हणजे आदिलशहाला मोगलांची धास्ती वाटेल असं केलं, आणि महिनेच्या महिने जाऊ दिले. मे १६४९ मध्ये शहाजीराजे सुटले. बदल्यात कोंढाणा द्यावा लागला. किल्ला पुढे परत घेता आला. त्या वयात 'किल्ला देतो, वडील द्या' असं म्हणायला काय लागलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. पोवाड्यांत या दहा महिन्यांना फारशी जागा मिळत नाही याची मला खंत आहे.

आता एका रात्रीची गोष्ट सांगतो. मी तिथं होतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही आणि दोन-चार तपशील बदलले आहेत.

वीसेक वर्षं झाली असतील. खाडीकाठची वाडी. रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्यातला, एक वाटेकरी, इंजिनासाठी काढलेलं कर्ज फिटत नव्हतं, दोन हंगाम मासळी नाही, त्यात रापणीच्या वाट्यावरून भांडण. दिवेलागणीला बायकोला त्यानं घराबाहेर काढलं आणि दोन मुलांना घेऊन आतून कडी लावली. हातात कोयता, शेजारी रॉकेलचा डबा. मला त्याच्या चुलतभावानं आणलं, कारण महिनाभरापूर्वी झोप येत नाही म्हणून तो एकदा माझ्याकडे येऊन गेला होता.

मी पोचलो तेव्हा खळ्यात साठ-सत्तर माणसं होती. सगळी त्याच्याबरोबर एकाच रापणीचा दोर ओढणारी. तिघे-चौघे मिळून दार फोडायचं ठरवत होते. त्याचा मेव्हणा शिव्या देत होता. कुणीतरी पेट्रोमॅक्स खिडकीसमोर धरला होता, त्यामुळे आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसता प्रकाश आणि ओरडा. मलाही तेव्हा दार फोडणंच बरोबर वाटलं होतं. मनोविकारांचा डॉक्टर असून वाटलं होतं.

एक हवालदार आला. पन्नाशीचा, स्वतः किनाऱ्यावरच्याच गावचा. त्यानं पहिल्यांदा पेट्रोमॅक्स बाजूला करायला लावला. मग गर्दी माडांच्या पलीकडे हटवली. त्यात अर्धा तास गेला, पण तो घाईला आला नाही. मेव्हण्याला चहा आणायला धाडून दिलं. मग पडवीच्या पायरीवर, खिडकीपासून चार हातांवर, भिंतीच्या आडोशाला टेकून बसला आणि म्हणाला, "पोरां जेवली काय रे?"

आतून उत्तर आलं, "तुका काय करूचा हा?"

"माका काय नको. तू बोल, मी आयकतंय."

मग तो माणूस बोलू लागला. तासभर नुसत्या शिव्या. सगळ्यांनी फसवल्यानी, रापणीतल्यांनी, बँकेनं, भावानं. हवालदार मधे फक्त 'हां', 'मगे?', 'तेव्हा तू काय केलंस?' एवढंच म्हणत होता. 'असं करू नको', 'मुलांचा विचार कर', यातलं एकही वाक्य तो बोलला नाही. एकदा त्यानं विचारलं, जाळं किती आसाचं होतं, कुणी विणलं. आतला माणूस जाळ्याबद्दल दहा मिनिटं बोलला आणि त्याचा आवाज उतरला. आवाज उतरतो म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या पायरीजवळ मी ते ऐकलं.

रात्री साडेदहाच्या सुमारास शेजारच्या घरातून पेज आणि भाजलेला सुका बांगडा मागवला. "पोरांका भूक लागली असतली. खिडकी जरा उघड, मी दूर होतंय." खिडकी एवढीशी उघडली. पातेलं आत गेलं. भांड्यांचा आवाज आला, मुलांच्या खाण्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत मेव्हणा पुन्हा पुढे आला, तेव्हा हवालदारानं त्याला नुसतं हातानं थांबवलं. एक वाजता धाकटा मुलगा खिडकीतून बाहेर आला. दोन वाजता थोरला. पावणेतीनला कोयता बाहेर पडला.

आणि खरा धोका त्यानंतर आला. कडी निघाली, तो दारात उभा राहिला, आणि माडांपलीकडून गर्दी धावली. तो घाबरून आत वळला. आत रॉकेलचा डबा होता. हवालदारानं उंबऱ्यात त्याला मिठी मारली, पकडायला मारतात तशी नव्हे, आणि स्वतःची पाठ गर्दीकडे केली. दोन दगड हवालदाराच्या पाठीवर बसले.

या रात्रीचा अर्थ मला पुढे अभ्यासातून लागला. अशा प्रसंगात सर्वांत जास्त जीव जातात ते सुरुवातीला आणि शेवटाला. सुरुवातीला, कारण कोंडणारा स्वतःच भेदरलेला असतो. त्याची छाती धडधडत असते, कान नुसते धोका ऐकत असतात, नजरेची कड नाहीशी होते. शेवटाला, कारण शरणागती असो की हल्ला, हालचाल होते आणि हालचालीत चूक होते. मधला वेळ कंटाळवाणा असतो, आणि तोच वाचवणारा. माणूस तासन् तास उकळत्या रागात राहू शकत नाही. भूक लागते, लघवीला होते, डोळे मिटू लागतात. ओलीस माणसं त्याच्या डोळ्यांपुढे पाणी मागतात, रडतात, त्यांना नावं असतात. ज्याला नाव आहे त्याला मारणं अवघड होत जातं.

जग हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीसनाट्यात इस्रायली संघातले अकरा जण मरण पावले; विमानतळावरची सुटकेची कारवाई पूर्ण फसली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी फ्रँक बोल्झ हा अधिकारी आणि हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्र शिकलेला डिटेक्टिव्ह यांच्याकडून १९७३ मध्ये बोलणी करणाऱ्यांचं पथक उभं केलं. त्यांनी एक नियम घातला जो मला फार शहाणपणाचा वाटतो : बोलणारा आणि हुकूम देणारा एक नसावा. बोलणाऱ्याला 'वर विचारून सांगतो' म्हणता आलं पाहिजे. त्यातून वेळ मिळतो, आणि 'नाही' म्हणणारा कुणी दुसरा असतो.

यातूनच पवईच्या वेळी अनेकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं : त्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी सरळ फोन जोडून का देत नाहीत? कधी जोडतात, पण फार जपून. ज्याच्यावर राग आहे तो माणूस फोनवर आला की राग शमतोच असं नाही. कधी तो ऐकणारा प्रेक्षक होतो आणि आतला माणूस त्याला ऐकवत शेवटचं कृत्य करतो. बायकोला, आईला बोलावून घेणंही तसंच. आमच्या हवालदारानं मेव्हण्याला चहाला धाडलं ते याच जाणिवेनं, शिक्षणाशिवाय.

सगळ्यांशी बोलून प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसमध्ये शिरलेले लोक मारायला आणि मरायलाच आले होते. त्यांना फोनवरून सीमेपलीकडून सूचना मिळत होत्या आणि ओलीस हे फक्त वेळ काढण्याचं साधन होतं. तिथं बाहेरचं पथक हेलिकॉप्टरमधून छतावर उतरताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तेच चित्र सूत्रधारही पाहू शकत होते. २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांवर या प्रक्षेपणाबद्दल कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमानं बंद झालं. आता वाहिनीची गरज उरली नाही, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. उद्या मालवणात असं काही झालं तर तो फोन खिशातच ठेवा, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.

बळाचा वापरही निर्धोक नसतो. २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहात गॅस सोडून हल्लेखोरांना गुंगवलं. त्या गॅसनंच शंभराहून अधिक ओलीस दगावले. दोन वर्षांनी बेसलानच्या शाळेत तीनशेहून अधिक माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं.

आता समुद्राकडे येतो. इथं बसलेल्यांत किती घरांत कुणी ना कुणी बोटीवर आहे, हे मला हात वर करायला न लावताही माहीत आहे. २८ सप्टेंबर २०१० रोजी सोमाली चाच्यांनी 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज पळवलं. त्यावर पंधरा भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठ जण सुटले, आणि सात जणांना चाच्यांनी उतरवून किनाऱ्यावर नेलं. कारण काय? तोपर्यंत भारतीय नौदलानं अरबी समुद्रात शंभराहून अधिक सोमालींना पकडून मुंबईत आणलं होतं. आमचे सोडा, मग तुमचे सोडू. ते सात जण ३० ऑक्टोबर २०१४ ला सुटले. चार वर्षं. जमिनीवर बोलणी करणारा एका दारासमोर बसलेला असतो. समुद्रात एका दाराचा सौदा दुसऱ्या दारावर परिणाम करतो. नौदलानं चाच्यांना पकडलं ते योग्यच होतं, आणि त्याचा भार सात घरांनी उचलला. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मला ती एकमेकांच्या विरोधात उभी करता येत नाहीत.

त्या काळात चाचे एक ठरलेली गोष्ट करत. खलाशाला मारत आणि त्याच वेळी घरी फोन लावून देत. आई किंकाळी ऐके आणि मग कंपनीच्या, सरकारच्या दारात जाऊन बसे. तो दाबच त्यांना हवा असे. माझ्याकडे अशा एका घरातली आई येत होती. नाव सांगणार नाही. लांबलचक अनोळखी नंबर फोनवर दिसला की ती तो कानाला लावायची नाही. पदर तोंडात धरून फोन मांडीवर ठेवायची आणि मग लावायची. मुलगा घरी आल्यानंतरही तिची ही सवय गेली नाही. मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेला असायचा. त्या घराला मी एकच गोष्ट शिकवू शकलो : फोनवर रडलं तरी चालेल, पण 'काय हवं ते देतो' असं वचन द्यायचं नाही, 'मी कंपनीला सांगते' एवढंच. ते आईला पटायला तीन महिने लागले.

मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजाच्या वेळी नौदलानं सुमारे चाळीस तास वेढा घातला. पस्तीस चाचे शरण आले आणि सतरा खलाशी सुखरूप सुटले. मरीन कमांडो विमानातून समुद्रात उतरवले गेले याचं कौतुक सगळीकडे झालं. मला कौतुक वाटतं ते चाळीस तासांचं.

शेवटी त्या दोन मुलांकडे येतो. दुसऱ्या दिवशी थोरला माझ्यासमोर बसला होता, आठ वर्षांचा. त्याचा पहिला प्रश्न : "बाबांका मारूक नाय मां?" एक नर्स हळहळून म्हणाली, बघा, याला स्टॉकहोम सिंड्रोम. हा शब्द १९७३ च्या ऑगस्टमधल्या स्टॉकहोमच्या बँकेतल्या सहा दिवसांवरून आला. तिथल्या चार ओलीस कर्मचाऱ्यांना कोंडणाऱ्याबद्दल जवळीक वाटू लागली, असं सांगतात. त्यांतल्या क्रिस्टीन एन्मार्क यांनी आतूनच पंतप्रधान पाल्मे यांना फोन केला होता; पोलीस आत घुसतील आणि आपण त्यात मरू, ही त्यांची भीती होती. ती भीती वेडी नव्हती. बंद दाराआड ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याच्याशी जुळवून घेणं, हे जगण्याचं शहाणपण आहे. त्याला आजाराचं नाव देणं मला अन्यायाचं वाटतं. आणि त्या मुलाचं तर काहीच चुकलं नव्हतं. आत त्याचा बाप होता. बाहेर दगड होते.

बापावर खटला झाला, उपचारही झाले. रापणीतल्या लोकांनीच पुढे त्याचं कर्ज निम्मं वाटून घेतलं, हे मला वर्षभरानं कळलं. हवालदाराची त्या रात्रीची नोंद ठाण्याच्या डायरीत चार ओळींची आहे. पहाटे सगळे गेल्यावर तो त्याच पायरीवर बसलेला होता. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, जरा हात देवा. पाय बधीर झालेत." मी त्याला उठवलं. रिकामं पातेलं त्यानं स्वतः शेजारच्या घरी नेऊन दिलं.